जॅझचे पॉडकास्ट ऐका, पण आपल्या ढोलकीवाल्याचं नाव कोण नोंदवणार?

भुसावळच्या आमच्या वस्त्यांमधली पोरं सध्या जॅझवरचे पॉडकास्ट ऐकतात. त्यात रेल्वे भरतीची तयारी करणारे आहेत, पुण्या-नाशिकला शिकायला गेलेले आहेत, आयटीआय करून कंपनीत लागलेलेही आहेत. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही रेकॉर्ड १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये, एका जुन्या चर्चचा स्टुडिओ केला होता तिथे झाली, तिच्यात सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन होता आणि ड्रमवर जिमी कॉब, हे ती तोंडपाठ सांगतात. चळवळीतल्या काही ज्येष्ठांना हे रुचत नाही. 'पोरं साहेबी नादाला लागली,' असं ते म्हणतात.

आम्ही या पोरांच्या बाजूने आहोत. पण त्यांना एक प्रश्न विचारल्याशिवाय सोडणार नाही. दर १४ एप्रिलला प्रल्हाद शिंदेंचा आवाज आपल्या गल्लीत घुमतो. त्या गाण्यांत ढोलकी कुणी वाजवली? कोरसमध्ये कोण होतं? रेकॉर्डिंग कोणत्या स्टुडिओत आणि कोणत्या दिवशी झालं? पासष्ट वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्कमधल्या ड्रमवाल्याचं नाव आपल्याला माहीत आहे आणि आपल्याच जयंतीला वाजणाऱ्या ढोलकीवाल्याचं माहीत नाही. हा त्या पोरांचा दोष नाही. ते नाव शोधलं तर सापडेल अशा जागी कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. का ठेवलं नाही, हा जातीचा प्रश्न आहे. तोच आम्हाला इथे मांडायचा आहे.

साहेबी नाद म्हणजे कुणाचा नाद?

आधी ज्येष्ठांच्या आक्षेपाला उत्तर देऊ. जॅझ हे गुलामांच्या नातवंडांचं संगीत आहे. न्यू ऑर्लिन्स शहरात बडी बोल्डन नावाचा एक काळा कॉर्नेटवादक होता. जॅझच्या जन्माची गोष्ट त्याच्यापासून सुरू होते. त्याच्या वाजवण्याच्या दंतकथा आहेत, पण त्याच्या वादनाची एकही रेकॉर्ड आज उपलब्ध नाही. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं आणि १९३१ साली तो तिथेच मेला. जॅझची म्हणून जी पहिली रेकॉर्ड १९१७ साली बाजारात आली, ती गोऱ्या वादकांच्या बँडची होती. कला कुणाची आणि पहिली नोंद कुणाच्या नावावर, हे इथेच पाहून ठेवा.

पुढे १९२० साली मामी स्मिथ या काळ्या गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही रेकॉर्ड प्रचंड खपली. काळ्यांच्या खिशातही पैसा आहे हे कंपन्यांना तेव्हा कळलं. मग त्यांनी काळ्यांसाठी वेगळी यादी काढली आणि तिला नाव दिलं 'रेस रेकॉर्ड्स'. गावकुसाबाहेरची वस्ती रेकॉर्डच्या दुकानातही असते ती अशी.

याला काळ्यांनी दिलेलं उत्तर आपल्या कामाचं आहे. १९२१ साली हॅरी पेस या काळ्या उद्योजकाने न्यूयॉर्कमध्ये काळ्यांच्या मालकीची रेकॉर्ड कंपनी काढली. तिचं नाव 'ब्लॅक स्वान'. तिच्या संचालक मंडळात एक समाजशास्त्रज्ञ होता, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. हे नाव ओळखीचं वाटतंय ना? १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली, तेच हे ड्यू बॉइस. पुस्तकं लिहिणाऱ्या, मासिक चालवणाऱ्या, हक्कांसाठी संघटना बांधणाऱ्या या विद्वानाला रेकॉर्ड कंपनीच्या कामात बसणं कमीपणाचं वाटलं नाही. आपला आवाज दुसऱ्याच्या यंत्रात राहिला तर त्याची किंमत आणि त्याचा अर्थ दुसराच ठरवतो, हे त्याला कळत होतं. मोठ्या कंपन्यांपुढे 'ब्लॅक स्वान' फार टिकली नाही. १९२४ साली तिच्या रेकॉर्ड पॅरामाउंट या गोऱ्या मालकीच्या कंपनीकडे गेल्या. पण आपल्या मालकीचा प्रश्न तिने मांडला तो मांडलाच.

१९३९ साली बिली हॉलिडेला काळ्यांच्या झुंडबळींवरचं 'स्ट्रेंज फ्रूट' हे गाणं रेकॉर्ड करायचं होतं. तिच्या नेहमीच्या बड्या कंपनीने, कोलंबियाने, नकार दिला. 'कमोडोर' या छोट्या कंपनीने ते केलं. १९६३ साली बर्मिंगहॅममधल्या चर्चमध्ये बॉम्बस्फोट घडवून चार काळ्या मुली मारल्या गेल्या, आणि दोनच महिन्यांनी कोल्ट्रेनने 'अलाबामा' वाजवलं. त्यात एक शब्द नाही. खैरलांजी आठवून ते एकदा ऐका. मग ठरवा हा साहेबी नाद आहे का.

रेल्वेच्या माणसांनी नेलेला आवाज

भुसावळकरांनी जॅझच्या इतिहासातलं एक पान तर पाठच करावं. अमेरिकेत पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यांत प्रवाशांची सेवा करायला काळी माणसं ठेवत. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारत, कारण कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज पुलमन होतं. नोकराला स्वतःचं नावही ठेवू द्यायचं नाही, ही पद्धत आपल्याला नवीन नाही. याच माणसांनी उत्तरेतल्या शहरांमधून काळ्यांची वर्तमानपत्रं आणि रेकॉर्ड दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांत पोचवल्या. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी स्वतःची कामगार संघटना उभी केली.

आता आपल्या लाइनवर या. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं बाबासाहेबांनी तिथेच सांगितलं. गँगमन म्हणून लागलेला अस्पृश्य गँगमन म्हणूनच का राहतो, त्याला वरची जागा का मिळत नाही, हे त्यांनी तिथे उलगडून दाखवलं. भुसावळ त्याच जीआयपीचं जंक्शन. या गावातली कितीतरी घरं रेल्वेच्या पगारावर उभी राहिली आणि रेल्वेच्या पासावर सहा डिसेंबरला दादरला आणि दसऱ्याला नागपूरला गेली. एकीकडे चैत्यभूमी, दुसरीकडे दीक्षाभूमी आणि मध्ये आपलं स्टेशन. परत येताना पिशवीत पुस्तक, कॅलेंडर, बुद्धाची मूर्ती असे आणि ऐंशी-नव्वदच्या दशकात त्यात कॅसेटही असे. ती आधी आपल्या घरात वाजे, मग शेजारी, मग सगळ्या चाळीत. पुलमनच्या डब्यातल्या माणसांनी केलं तेच काम आपल्या गँगमन, खलाशी आणि फिटर बापांनी केलं. तिकडच्या माणसांवर पुस्तकं निघाली, पॉडकास्ट निघाले. इकडच्या माणसांवर एक ओळ नाही.

पॉडकास्ट नोंदवहीवर उभा राहतो

जॅझचा एखादा चांगला पॉडकास्ट ऐकताना आपण गोष्टीत रमतो. ती गोष्ट कशावर उभी आहे, ते बघा. रूडी व्हॅन गेल्डर हा न्यू जर्सीतला डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढून देणारा माणूस. त्याने हॅकेनसॅकमधल्या आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग सुरू केलं. जॅझच्या कितीतरी नावाजलेल्या रेकॉर्ड त्या दिवाणखान्यात झाल्या. १९५९ साली त्याने स्वतंत्र स्टुडिओ बांधला. कोल्ट्रेनची 'अ लव्ह सुप्रीम' ९ डिसेंबर १९६४ ला तिथेच झाली. आज आपण तारखेसकट हे सांगू शकतो, कारण ती तारीख लिहिली गेली. कोण काय वाजवत होतं, कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, ध्वनिमुद्रण कुणाचं, हे रेकॉर्डच्या पाठकोऱ्यावर छापलं गेलं. गोऱ्या मालकांनी काळ्या वादकांना पैशात लुबाडलं ते लुबाडलंच, पण नाव तरी छापलं.

आपल्याकडे काय झालं? ग्रामोफोन कंपनीने भारतात १९०२ साली गाणी मुद्रित करायला सुरुवात केली. मराठीत नाट्यसंगीत आलं, भावगीत आलं, शास्त्रीय गायनाच्या बैठका आल्या. त्याच काळात आधी सत्यशोधकांचे आणि १९३० नंतर भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गावोगाव रात्र जागवत होते. दहा सभा आणि एक जलसा ही तुलना बाबासाहेबांच्या नावाने आपण सगळेच सांगतो. भीमराव कर्डकांनी १९७८ साली या जलशांवर पुस्तक लिहून ठेवलं म्हणून आपण त्यांच्याविषयी निदान वाचू शकतो. त्या रात्रींचा आवाज मात्र आपल्या कानापर्यंत आलेला नाही. बोल्डनचं झालं तेच.

आवाज उरला की काय होतं, तेही सांगतो. १९५५ साली बीबीसीने बाबासाहेबांची मुलाखत मुद्रित केली. गांधींविषयी ते काय म्हणाले हे पुस्तकांतही सापडतं. पण त्या आवाजातला ठामपणा, मध्येच येणारी धार, कुणाचीही भीड न ठेवणारी लय कागदावर येत नाही. ती टेप जपली गेली म्हणून भुसावळातली सोळा वर्षांची पोरगी आज बाबासाहेबांना ऐकते. विलास घोगरेंचंही तसंच. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर, जुलै १९९७ मध्ये, या शाहिराने जीव दिला. आनंद पटवर्धनांच्या माहितीपटांत तो गाताना दिसतो म्हणून तो आपल्याला भेटतो. असे किती घोगरे कॅमेऱ्यासमोर आलेच नाहीत?

शेवटचा अंतरा कापला जातो तेव्हा

कॅसेट आपल्या वस्तीपर्यंत पोचलेलं पहिलं स्वस्त तंत्रज्ञान. तिने भीमगीत घराघरात नेलं, हे खरंच. पण तिचं कव्हर आठवा. वर गायकाचा फोटो, खाली कंपनीचा शिक्का. कवीचं नाव असलंच तर बारीक अक्षरात. ढोलकी, हार्मोनियम, कोरस यांना जागाच नाही. आपल्या कवींना हे आधीपासून माहीत होतं. म्हणून वामनदादा कर्डकांसारखे कवी शेवटच्या अंतऱ्यात स्वतःचं नाव गुंफायचे. संतांपासून चालत आलेली ही नाममुद्रा. कागदावर कुणी नोंद करणार नसेल तर गाण्याच्या पोटातच नोंद ठेवायची, ही त्यांची अक्कलहुशारी.

आज डीजेच्या मिक्समध्ये काय वाजतं? मुखडा आणि फार तर पहिला अंतरा. पुढे बेस आणि पुन्हा मुखडा. शेवटचा अंतरा कापला जातो आणि त्याच्यासोबत कवीचं नाव कापलं जातं. १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला आणि १५ मे २००४ ला गेलेला हा माणूस हजारो गाणी लिहून गेला. त्याच्याच जयघोषाच्या गाण्यातून त्याचं नाव आपल्याच मिरवणुकीत रोज पुसलं जातं. मनुवाद्यांनी हे केलं असतं तर आपण मोर्चा काढला असता.

दुसरीकडे मराठी अभिजनांचा कारभार बघा. त्यांच्या एका गायकाच्या खासगी बैठकीची टेपसुद्धा तारीख, गाव, तबल्याची साथ, हार्मोनियमची साथ यांसकट जपलेली असते. त्यावर तासातासाचे कार्यक्रम होतात. भीमगीताचा विषय निघाला की ते त्याला 'लोकसंगीत' म्हणून मोकळे होतात. हा शब्द गोड आहे, पण त्यात फसगत आहे. लोकगीताला कवी नसतो, तारीख नसते, मानधन नसतं. वामनदादांचं गाणं लोकगीत नाही. त्याला कर्ता आहे, प्रसंग आहे, राजकीय भूमिका आहे. 'लोक' म्हटलं की कर्ता गायब होतो. 'प्रचारकी' म्हटलं की कला गायब होते. कोल्ट्रेनचं 'अलाबामा' या लोकांना कला वाटते आणि घोगरेंचं गाणं घोषणा वाटते. हा कानाचा दोष नाही, नजरेचा आहे.

मुंबईच्या जॅझचंही असंच झालं. १९३५ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा बँड मुंबईच्या ताज हॉटेलात वाजवायला आला. त्या पिढीच्या वादकांचं ऐकून तयार झालेले गोव्याचे ख्रिस्ती वादक पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. आंतोनियो वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, हा ट्रम्पेटवादक, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा. गाणी देशाने गुणगुणली, पण श्रेयनामावलीत या वादकांची नावं क्वचितच आली. २०१२ साली नरेश फर्नांडिस यांनी 'ताज महाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक लिहून ही माणसं उजेडात आणली. एक माणूस चिकाटीने म्हाताऱ्या वादकांच्या घरी गेला, त्यांच्या पेटीतले फोटो आणि रेकॉर्ड बघितल्या, नावं लिहून घेतली. आपल्याला हवा तो माणूस, आणि तो बाहेरून येणार नाही.

तीन सबबी

पहिली सबब: 'गाणं लढ्यासाठी असतं, कपाटासाठी नाही.' मान्य. पण ज्या लढ्याची नोंद नाही तो पुढच्या पिढीला पहिल्यापासून लढावा लागतो. चवदार तळ्याची आणि काळाराम मंदिराची नोंद बाबासाहेबांनी आपल्या पत्रांतून आणि लेखांतून ठेवली म्हणून आज कुणी ती नाकारू शकत नाही.

दुसरी सबब: 'यूट्यूबवर सगळं आहे.' यूट्यूबवर कुणीतरी चढवलेलं आहे. त्यावर नाव चुकीचं असतं, आवाज दाबलेला असतो, चाल एकाची आणि श्रेय दुसऱ्याचं असतं. कंपनीने हक्क सांगितला की ते एका रात्रीत नाहीसं होतं. दुसऱ्याच्या भिंतीवरचं चित्र आपलं कसं?

तिसरी सबब पैशाची. एका मिरवणुकीच्या डीजेच्या भाड्यात साधा डिजिटल रेकॉर्डर आणि दोन माइक येतात, वर पैसे उरतात. जयंती मंडळांनी हा हिशोब एकदा वहीत मांडून पाहावा.

मग करायचं काय?

भुसावळ, वरणगाव, सावदा, यावल, जळगाव, धुळे. या पट्ट्यातल्या प्रत्येक वस्तीत एक तरी म्हातारा गायक, ढोलकीवाला, पेटीवाला, कोरसात गाणारी बाई आहे. पुढच्या १४ एप्रिलच्या आत त्यांच्यापर्यंत पोचा. पंखा बंद करा. खिडकीला गोधडी लावा. माइक तोंडापासून वीतभर दूर, जरासा बाजूला. ढोलकीसाठी वेगळा माइक ठेवा, नाहीतर थाप गाण्यावर बसते. मूळ फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा, एमपीथ्री फक्त वाटण्यासाठी. तीन प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवा.

गाणं झालं की रेकॉर्डर बंद करू नका. विचारा: हे कुणी लिहिलं, चाल कुणाची, पहिल्यांदा कुठे गायलं, साथीला कोण होतं, बिदागी काय मिळाली, गावात त्रास झाला का. हीच तुमच्या पॉडकास्टची सामग्री. आणि गाणं शेवटच्या अंतऱ्यापर्यंत घ्या.

घरातल्या कॅसेट माळ्यावरून खाली काढा. भुसावळचा मे महिना माणसाला सोसत नाही, टेपच्या फितीला काय सोसणार? बुरशी धरलेली फीत थेट वाजवू नका, आधी जाणकाराला दाखवा. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसून घ्या. कव्हर फेकू नका, दोन्ही बाजूंनी फोटो काढा.

बायकांना विसरू नका. जात्यावरच्या ओव्यांचं मोठं काम गी पोइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रात केलं. एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यात बाबासाहेबांवरच्याही आहेत, आणि ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव आहे. नोंद अशी करतात. आपल्याकडे अहिराणीत बाबासाहेब गाणाऱ्या आज्या आहेत. त्यांच्यानंतर ती भाषा आणि ते गाणं एकदमच जाईल.

आणि हक्काचं लिहून घ्या. गाणाऱ्याची लेखी परवानगी घ्या, त्याला एक प्रत द्या, पैसे आले तर त्याचा वाटा ठरवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा सांगतो की गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही, तो वारसांकडे जातो. आपल्या किती दिवंगत कवींच्या घरी हे माहीत आहे? चळवळीतल्या वकिलांनी यात हात घालावा. भीमगीतावर श्रीमंत झालेल्या कंपन्यांना हा प्रश्न विचारायची वेळ टळून गेलेली नाही.

विठ्ठल उमप २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले आणि गेले. त्यांची पिढी गाता गाता संपत चालली आहे. अंत्ययात्रेला हजारो लोक येतात, श्रद्धांजलीचे बॅनर लागतात. बॅनरवर पुढाऱ्यांचे फोटो मोठे, शाहिराचा लहान. त्या बॅनरच्या खर्चात त्या शाहिराच्या चार संध्याकाळी मुद्रित झाल्या असत्या.

म्हणून पोरांनो, कोल्ट्रेन जरूर ऐका. ड्यू बॉइसच्या ओळखीने आलेला पाहुणा आहे तो आपल्याकडे. पण पुढचा भाग तुम्ही करायचा आहे, भुसावळच्या एखाद्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत. पहिल्या वाक्यात तारीख सांगा, गाव सांगा, आणि ढोलकीवाल्याचं पूर्ण नाव सांगा.

जय भीम!